यूएसबी हब घेताना: खाचा नंतर मोजा, वीज आधी मोजा



ग्रामसंघाच्या कार्यालयात वह्यांच्या जोडीला आता लॅपटॉप आला आहे. लॅपटॉपच्या मागोमाग माउस, किबोर्ड, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, कॅमेरा, पेन ड्राइव्ह अशी सगळी वरात येते. लॅपटॉपला मात्र पोर्ट असतात दोन, फार तर तीन. मग प्रिंटर लावायचा तर माउस काढा, अंगठा घ्यायचा तर प्रिंटर काढा, असं दिवसभर चालतं. यावर दुकानदार एक छोटी डबी पुढे करतो. एका बाजूला वायर, दुसऱ्या बाजूला चार-सात खाचा. हाच यूएसबी हब.

वस्तू छोटी आहे, पण चुकीची घेतली तर त्रास मोठा होतो. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला एखादी आजी चार किलोमीटर चालत बीसी सखीकडे येते. अंगठा ठेवते, मशीन चालत नाही. पुन्हा ठेवते, तरी नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, "आजी, तुमची बोटं घासलीत, उद्या या." कधी बोटं खरंच घासलेली असतात. पण कधी बोटं चांगली असतात आणि मशीनलाच पुरेशी वीज मिळत नसते. म्हणून या अंकात हब कसा निवडायचा हे नीट शिकून घेऊ.

हब करतो काय?

पूर्वी संगणकाला प्रत्येक यंत्रासाठी वेगळ्या आकाराची खाच असायची. प्रिंटरची वेगळी, माउसची वेगळी. 1996 साली यूएसबी आलं आणि एकाच प्रकारच्या खाचेत बहुतेक यंत्रं बसू लागली. हे तंत्र घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या चमूत वडोदऱ्यात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख अभियंते होते.

यूएसबीच्या वायरीतून दोन गोष्टी जातात: माहिती आणि वीज. माउसला वेगळी बॅटरी किंवा प्लग लागत नाही, कारण तो लॅपटॉपकडूनच वीज घेतो. अंगठ्याचं मशीनही तसंच.

आता मुख्य मुद्दा. हब खाचा वाढवतो, वीज वाढवत नाही. नळाच्या एका जोडणीला चार तोट्या लावल्या म्हणून पाणी चौपट येत नाही. चारही तोट्या सोडल्या की प्रत्येकीची धार बारीक होते. हबचंही तसंच आहे. लॅपटॉपच्या एका पोर्टमधून येणारी वीज तो सगळ्यांना वाटून देतो.

दोन प्रकारचे हब

पहिला साधा, म्हणजे बिनअडॅप्टरचा हब. तो फक्त लॅपटॉपच्या विजेवर चालतो. स्वस्त असतो, पिशवीत मावतो.

दुसरा अडॅप्टरचा हब. याला स्वतःचा प्लग असतो आणि तो भिंतीवरच्या बोर्डमधून वीज घेतो. त्यामुळे लॅपटॉपवर भार पडत नाही. हा महाग असतो.

दुकानात आणखी एक फसवी वस्तू मिळते. दिसायला हबसारखीच, पण ती फक्त मोबाइल चार्ज करते. तिच्यातून माहिती जात नाही. डबीवर नुसतं 'चार्जर' लिहिलेलं असेल तर ती आपल्या कामाची नाही.

विजेचा हिशोब

बचतीचा हिशोब करणाऱ्या बाईला हा हिशोब अवघड नाही. जमा किती, खर्च किती, एवढंच बघायचं. वीजप्रवाह मिलीअँपिअरमध्ये मोजतात. 1000 मिलीअँपिअर म्हणजे 1 अँपिअर.

जमेची बाजू: लॅपटॉपच्या जुन्या पद्धतीच्या पोर्टमधून (यूएसबी 2.0) 500 मिलीअँपिअर मिळतात. नव्या पद्धतीच्या पोर्टमधून (यूएसबी 3.0) 900 मिळतात. नव्या पोर्टच्या आतली पट्टी बहुधा निळी असते, किंवा शेजारी 'एसएस' अशी इंग्रजी अक्षरं असतात.

खर्चाची बाजू: खालचे आकडे हिशोबासाठी जरा सढळ हाताने धरले आहेत. तुमच्या यंत्राच्या लेबलवर वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

- हब स्वतः: 100
- माउस: 100
- किबोर्ड: 100
- अंगठ्याचं मशीन: 300
- कॅमेरा: 300
- बाहेरची हार्ड डिस्क: 900
- प्लग असलेला प्रिंटर: स्वतःची वीज वापरतो, हबकडून नावापुरतीच घेतो

साध्या हबवर माउस, किबोर्ड, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा लावला तर हबसकट खर्च होतो 900. हब जुन्या पोर्टला लावला असेल तर जमा 500 आणि खर्च 900. तूट 400. नव्या पोर्टला लावला तर जमा-खर्च काठोकाठ. त्यात हार्ड डिस्क लावली की खर्च 1800 वर जातो. मग कोणतं यंत्र कधी बंद पडेल याचा नेम नाही.

आधी मांडणी बदलून बघा

हिशोबात तूट आली म्हणून लगेच महाग हब घेऊ नका. घरात पैसा कमी पडला तर आपण आधी खर्चाची यादी बघतो, तशीच इथेही बघायची.

अंगठ्याचं मशीन हबवर लावूच नका, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. माणसांची रांग ज्या यंत्रासमोर लागते, त्याला वीज पहिली मिळाली पाहिजे. दुसऱ्या पोर्टला हब लावा आणि त्यावर माउस, किबोर्ड, प्रिंटर ठेवा. आता हबवरचा खर्च 300 च्या थोडा वर जाईल. जुन्या पोर्टलाही हे पेलतं. लॅपटॉपला स्वतःचा कॅमेरा असेल तर वेगळा लावायची गरज नाही. हार्ड डिस्क रोज लागत नाही. अंगठ्याचं काम संपलं की त्याच पोर्टला ती थेट लावून हिशोबाची नक्कल घ्या.

बऱ्याच ग्रामसंघांचं काम अशा मांडणीत चार खाचांच्या साध्या हबवर भागेल. टेबलावर ठेवायचा मोठा संगणक असेल तर आधी त्याची पाठ बघा. मागे बरेच पोर्ट असतात, कदाचित हब लागणारच नाही.

अडॅप्टरचा हब कधी घ्यावा? लॅपटॉपला एकच पोर्ट असेल तर, किंवा कॅमेरा, हार्ड डिस्क, अंगठ्याचं मशीन हे सगळं एकाच वेळी चालवावं लागत असेल तर.

अडॅप्टरच्या हबमध्ये काय बघायचं?

अडॅप्टरवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं. त्यापुढचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. तुमची यंत्रं मिळून 1800 मिलीअँपिअर घेत असतील तर त्यावर पाव हिस्सा जास्त धरा. 1800 अधिक 450, म्हणजे 2250. मग 5 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर अपुरा आणि 3 अँपिअरचा पुरेसा. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि इंग्रजी 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर घेऊ नका.

अडॅप्टर हरवला किंवा बिघडला तर वायफायच्या डबीचा अडॅप्टर हबला लावायचा मोह होतो, कारण पिन बसते. पण वायफायचे अडॅप्टर बहुधा 12 व्होल्टचे असतात. 5 व्होल्टच्या हबला तो लावला तर हब जळेल आणि सोबत त्यावरची यंत्रंही जाऊ शकतात. पिन बसली म्हणजे जोडी जमली असं नाही, आकडे जुळले पाहिजेत. म्हणून हबच्या अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून 'हब' असं ठळक लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट लाइट जाण्याची. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण हबचा अडॅप्टर बंद पडतो. हबवरची यंत्रं तुटतात किंवा अर्ध्या विजेवर येतात. हार्ड डिस्कवर नक्कल चालू असेल तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून अडॅप्टरचा हब इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. आणि अडॅप्टरचा हब असला तरी, जागा असेल तर अंगठ्याचं मशीन थेट लॅपटॉपलाच ठेवा.

वेगासाठी जादा पैसे द्यावेत का?

यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, तर 3.0 चा 5 गिगाबिट, म्हणजे दहापटीहून जास्त. ऐकायला मोठं वाटतं. पण माउस, किबोर्ड, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन यांना एवढा वेग लागतच नाही. तो उपयोगी पडतो तो हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हला. मोठ्या फाइली रोज हलवत नसाल तर वेगापायी जादा पैसे घालवू नका.

दुकानात जाताना

1. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि हबवर लावायची शक्य ती सगळी यंत्रं सोबत न्या. नवीन लॅपटॉपला छोटी, दोन्ही बाजूंनी बसणारी सी-टाइप खाच असते. हबची पिन आपल्या लॅपटॉपला बसते का ते आधी बघा.
2. सगळं जोडून पंधरा-वीस मिनिटं चालवा. एकीकडे प्रिंट काढा, दुसरीकडे चार-पाच वेळा अंगठा घ्या. मध्येच यंत्र तुटल्याचा आवाज आला, मशीनचा दिवा विझून पुन्हा लागला, तर तो हब परत ठेवा.
3. हबची वायर आखूड असली तर चांगलंच. लांब आणि हलक्या वायरीत वीज वाटेतच कमी होते.
4. सात खाचांचा हब पाच खाचांच्या कामाला चालेल. पण खाचा कमी पडतात म्हणून एका हबला दुसरा साधा हब जोडू नका. विजेचे वाटेकरी तेवढे वाढतात.
5. "भाऊ, बिघडला तर बदलून देणार का? किती दिवसांत?" हे विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंतच चालते.
6. बिल ग्रामसंघाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्या. बैठकीतला ठराव, दरपत्रकं आणि बिल एकत्र लावा आणि हबची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला करा. वस्तू छोटी असली तरी पैसा सगळ्यांचा आहे.

बोटांना दोष देण्याआधी

अंगठा लागला नाही की मशीन काय म्हणतंय ते आधी वाचा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये संदेशासोबत क्रमांकही येतो.

'डिव्हाइस नॉट रेडी' किंवा 720 असं आलं, तर मशीन तयार नाही. यात आजीच्या बोटांचा काही दोष नाही. मशीन हबवरून काढून थेट लॅपटॉपला लावा, वायर घट्ट बसली का बघा, मशीनचं सॉफ्टवेअर चालू आहे का तपासा, मग पुन्हा अंगठा घ्या.

300 आलं, म्हणजे बोटाचा ठसा आधारमधल्या ठशाशी जुळला नाही. तेव्हा बोट आणि मशीनची काच पुसा, दुसरं बोट घेऊन बघा. इथे हब बदलून उपयोग नाही.

हा फरक माहीत असलेली सखी माणसाला उगाच परत पाठवत नाही. खुरपणी, भांडी, शेणामातीत ज्यांची बोटं झिजली, त्यांना वायरीच्या चुकीसाठी बोल लागू नये.

रोजची काळजी

हबवर मोबाइल चार्ज करू नका, छोटा पंखा किंवा दिवा लावू नका. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढताना आधी संगणकाला सांगा, मग ओढा. प्रत्येक वायरीला नावाची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घाईत भलतीच वायर निघणार नाही. काम संपलं की हबवर कापड टाका. खाचेत धूळ गेली की पिन नीट टेकत नाही.

बैठकीत सोडवायचं उदाहरण

एका ग्रामसंघाच्या लॅपटॉपला दोन जुने पोर्ट आहेत. एकाला अंगठ्याचं मशीन थेट लावलं आहे. दुसऱ्याला साधा हब असून त्यावर माउस, किबोर्ड, प्लगचा प्रिंटर आणि कॅमेरा आहे. कॅमेरा चालू केला की माउस अडकतो. असं का होतं? नवीन खरेदी न करता काय करता येईल?

उत्तर: हब 100, माउस 100, किबोर्ड 100, कॅमेरा 300, एकूण 600. पोर्ट देतो 500. तूट 100. लॅपटॉपला स्वतःचा किबोर्ड आहे, तर बाहेरचा किबोर्ड काढा म्हणजे जमा-खर्च बरोबर होईल. किंवा लॅपटॉपचाच कॅमेरा वापरा, मग 200 शिल्लक राहतील.

पुढच्या मासिक बैठकीत आपल्या कार्यालयातल्या यंत्रांची अशीच यादी फळ्यावर लिहा. समोर आकडे मांडा, बेरीज करा. हब घ्यायचा की नाही, घ्यायचा तर कोणता, हे त्या बेरजेवरून ठरवा आणि मगच खरेदीचा ठराव लिहा.