काजूच्या मुळात शिरलेल्या रोठ्यासाठी सूत्रकृमी

काजूच्या बुंध्याशी, जमिनीलगत, डिंकात कालवलेला लालसर ओला भुसा दिसला की आत रोठा आहे असं खुशाल समजा. सालीखालचं पोखरत ही अळी मुळात उतरते. वरच्या अळ्या पटाशीनं काढता येतात, पण मुळात गेलेल्या अळीपर्यंत पटाशीही पोचत नाही आणि तारही नाही. अळीला मारणारे सूत्रकृमी वापरायचे ते तिच्यासाठी. पटाशीचं काम टाळण्यासाठी कुणी ते आणत असेल, तर पैसे वाया जातील.

आधी झाड वाचण्याजोगं आहे का ते बघा. पानं पिवळी पडलीत, फांद्या वाळतायत आणि बुंध्याची निम्म्याहून जास्त साल आतून खाल्ली गेलीय, तर ते मुळासकट काढा आणि आतल्या अळ्या-कोष मारून टाका. नाहीतर तिथूनच बागेत कीड पसरते.

आपल्या उष्ण हवेला सूत्रकृमींची हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात बरी. ती मुळात कोइमतूरची, 1992 साली नोंदलेली. पाकीट सावलीत, थंड जागी ठेवा आणि मुदत बघूनच घ्या. थोडा माल विहिरीच्या पाण्यात अर्धा तास सोडून त्याचा थेंब काळ्या बशीत भिंगाखाली धरा. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे हे जीव वळवळत असले पाहिजेत. बहुतेक काड्यांसारखे सरळ पडलेले दिसले, तर माल मेलेला आहे. तो परत करा.

आता झाडाकडे. भुसा झाडून, पोखरलेली मेलेली साल पटाशीनं उचला आणि सापडतील तेवढ्या अळ्या वेचून मारा. भोकाचा माग काढत खाली जा, पण जिवंत साल खरवडू नका. तिथे नवी जखम होते. आळं आदल्या दिवशीच भिजवून ठेवा. हे जीव पाण्याच्या पातळ थरातूनच सरकतात, कोरड्या मातीत ते जागीच मरतात.

सोडायची वेळ ऊन उतरल्यावरची. पाकिटावरच्या मात्रेनं द्रावण करा. पाणी क्लोरिनचं नको, उन्हात तापलेल्या टाकीतलंही नको. पंप वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, कीटकनाशकाचा वास उरता कामा नये. आतली जाळी काढून ठेवा. सूत्रकृमी तळाशी बसतात, म्हणून बादली मधूनमधून ढवळायची. मोठ्या सिरिंजनं भोकात द्रावण बाहेर येईपर्यंत भरा आणि तोंड ओल्या चिखलानं लिंपा. उरलेलं बुंध्याभोवती आणि उघड्या मुळांवर ओतून वर पाचोळा टाका. बोर्डो पेस्ट किंवा कीटकनाशक त्याच दिवशी नको.

सूत्रकृमी अळीच्या अंगात शिरून फोटोरॅब्डस जिवाणू सोडतो आणि साधारण दोन दिवसांत अळी मरते. चार-पाच दिवसांनी एखादं भोक उघडून बघा. विटकरी लाल झालेली, मऊ, पण न कुजलेली अळी मिळाली तर काम झालं. ती फेकू नका, तिथेच राहू द्या; तिच्यातून पुढची पिढी बाहेर पडते. काळी पडून घाण वास मारणारी अळी दुसऱ्याच कशानं मेलेली असते.

लिंपलेल्या जागेवर आठवड्याला नजर टाका. बाजूनं ताजा भुसा आला, तर अळी जिवंत आहे; तेवढ्याच झाडाला पुन्हा मात्रा द्या. जुना, वाळलेला भुसा मात्र आधीच झाडून ठेवलेला असावा, नाहीतर ताजा कोणता हेच कळत नाही.