व्यसनमुक्तास घर कोण देणार?

दारूचे व्यसन सुटलेला मनुष्य उपचार घेऊन गावी परत येतो, तेव्हा आपण सर्वजण त्याला एकच प्रश्न विचारतो : "आता पुन्हा पिणार नाहीस ना?" तो आज रात्री निजणार कोठे, हे विचारणारा क्वचितच आढळतो. प्रस्तुत पाठात ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे; कारण पहिल्याचे उत्तर पुष्कळ वेळा दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असते, असे आम्हांस फार उशिरा कळून आले.

ते कसे कळले हेही सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक तरुण गवंडी पाच आठवड्यांचे उपचार संपवून परतला. बायको मुलांसह माहेरी गेलेली, व भावांनी घराचे दार लावून घेतलेले. उपासना मंदिराच्या मागे एक खोली होती. तिच्यात मोडकी बाके व जुन्या सतरंज्या ह्यांवाचून दुसरे कोणी राहत नव्हते. ती त्याने मागितली. वडीलजनांची सभा भरली, आणि "सहा महिने नीट राहून दाखवावे, मग पाहू" असा ठराव झाला. आम्हीही त्यास मान हलविली. परंतु नीट राहून दाखवावयाचे तरी कोठे? ज्या एका ठिकाणी त्याला कोणी हाकलीत नव्हते, त्या गुत्त्यामागच्या पडवीत तो राहिला, व सातव्या आठवड्यात पुन्हा पिऊ लागला. ह्यात त्याचा दोष किती व आमचा किती, हा हिशेब आम्ही अजून करीत आहोत.

असो. आता आपण अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांस हात द्यावा ही रीत त्या देशात १९३५ साली ॲक्रन नावाच्या शहरी नव्याने सुरू झाली. बिल विल्सन हा शेअरबाजारातील गृहस्थ व डॉ. बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य, दोघेही पक्के दारूबाज, एकमेकांशी बोलत बसल्याने सावरले. व त्यांतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संगत निघाली. आपल्या देशात ती १९५७ सालापासून आहे. तथापि ही संगत सभेपुरती असते. ती कोणास घर, अन्न किंवा नोकरी देत नाही; तो आपला प्रांत नव्हे असे ती स्पष्ट सांगते. सभा संपली म्हणजे मनुष्य आपल्या घरी जातो. ज्यास घर नाही त्याचे काय, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे एक उत्तर १९७५ साली मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे निघाले, आणि तेही नाइलाजाने. तेथे उपचारानंतर काही काळ राहण्याचे एक आश्रयगृह जिल्ह्याच्या पैशावर चालत असे. पैसा आटला व ते बंद करण्याचे ठरले. आत राहणाऱ्या तेरा जणांत पॉल मोलॉय नावाचा एक वकील होता. दारूपायी त्याचे घर व नोकरी दोन्ही गेली होती. ह्या तेरा जणांनी विचार केला की, आपण कमावते आहोत, तर भाडे आपणच का भरू नये? त्यांनी ते घर स्वतः भाड्याने घेतले व त्यास ऑक्सफर्ड हाउस असे नाव दिले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मुळाशी ऑक्सफर्ड ग्रुप नावाची ख्रिस्ती चळवळ होती, तिचे हे ऋण होय. त्या चळवळीचा प्रवर्तक फ्रँक बुकमन हा लूथरन पाळक होता. आपल्या पाचगणीचे एशिया प्लॅटो हे केंद्र तिच्याच पुढच्या शाखेचे.

ह्या घराचा कारभार उपदेशक बंधूंनी बारकाईने पाहावा, कारण सगळे मर्म त्यात आहे. घरात पगारी व्यवस्थापक नाही, पहारेकरी नाही. राहणारेच आपल्यातून अध्यक्ष, खजिनदार व इतर कारभारी निवडतात, आणि सहा महिन्यांनी ते बदलावे लागतात, म्हणजे कोणी कायमचा धनी होऊन बसत नाही. आठवड्यास एकदा सर्वांची बैठक होते. भाडे, वीज, पाणी ह्यांचा खर्च सर्वांत सारखा वाटला जातो. भाडेपट्टा घराच्या नावे असतो; त्यामुळे ज्याच्या एकट्याच्या नावावर कोणी मालक खोली देण्यास धजत नाही, त्यालाही छप्पर मिळते, व मालकाला भाडे एका हाताने मिळते. नव्या मनुष्याची विचारपूस आतलेच करतात आणि दहांपैकी आठांचे मत अनुकूल पडले तरच त्यास घेतात. आपण पाळक लोक अशा मनुष्याच्या थापांना सहज फसतो. ज्याने त्याच थापा स्वतः मारल्या आहेत तो फसत नाही. मुदत म्हणून काही नाही. जो भाडे भरतो व पीत नाही, त्याने वाटेल तितकी वर्षे राहावे. जो पुन्हा प्याला, त्याने घर सोडावे.

मुदत नसणे ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जुन्या आश्रयगृहात सहा महिन्यांची मर्यादा होती, आणि ती भरली म्हणजे पाय बळकट झालेले असोत वा नसोत, बाहेर पडावे लागे. आमच्या वडीलजनांच्या सभेलाही सहा महिनेच सुचले होते, हे आठवून हसावे की रडावे ते कळत नाही.

१९८८ साली अमेरिकेच्या एका कायद्याने प्रत्येक राज्यास एक लक्ष डॉलरचा फिरता निधी ठेवण्यास लावले. अशा सहा किंवा अधिक जणांनी नवे घर घ्यावयाचे ठरविल्यास त्यांना त्यातून चार हजार डॉलरपर्यंत कर्ज मिळे व ते हप्त्यांनी फेडावे लागे. पुढे राज्यांवरील ही सक्ती उरली नाही, परंतु घरे वाढत गेली. आज ती तीन हजारांहून अधिक आहेत. शेजाऱ्यांनी विरोधही केला. एडमंड्स नावाच्या नगरीने नात्यात नसलेल्या पाचांहून अधिक माणसांनी एका घरात राहू नये ह्या आपल्या नियमावर बोट ठेवले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने नगरीचा तो आधार मान्य केला नाही.

ह्या राहण्याचा उपयोग होतो काय? लेनर्ड जेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार संपविलेल्या १५० जणांपैकी अर्ध्यांना ह्या घरांत धाडले व अर्ध्यांना नेहमीच्या वाटेने जाऊ दिले. कोण कोठे जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे ठरविले होते. दोन वर्षांनी घरांत धाडलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा व्यसन करताना आढळले, तर दुसऱ्या बाजूचे सुमारे ६५ टक्के.

येथे कोणी सूज्ञ वाचक विचारील की, जो पुन्हा प्याला त्याला रस्त्यावर काढणे हे दयेचे कृत्य आहे काय? प्रश्न रास्त आहे. ह्याच विचाराने १९९२ साली न्यूयॉर्क शहरात सॅम सेम्बेरिस ह्यांनी उलट वाट धरली. रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णास, मग तो पीत असला तरी, आधी घर द्यावे, आणि उपचाराची अट घालू नये. मदतीस जाणाऱ्या मंडळात डॉक्टर व परिचारिका ह्यांच्याबरोबर स्वतः त्या दुखण्यातून गेलेला एक सोबतीही असे. कॅनडाच्या पाच शहरांत २००९ ते २०१३ ह्या काळात ही रीत पारखली गेली. शेवटच्या सहा महिन्यांत ह्या रीतीने घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक संपूर्ण काळ घरातच टिकले, व इतरांपैकी ३१ टक्के. आमच्या मते दोन्ही वाटा असाव्यात. एका छपराखाली दहा जण न पिण्यासाठी धडपडत असता अकराव्याने बाटली आणणे हे त्या दहांस घातक आहे. परंतु त्या अकराव्यासही पाऊस लागतोच.

मनाच्या आजाराविषयी आपल्या देशातील कायदा थोडक्यात सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १९ व्या कलमान्वये, घरचे लोक नेत नाहीत किंवा घरच नाही एवढ्याच कारणाने बऱ्या झालेल्या मनुष्यास मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. चेन्नईच्या द बनयन ह्या संस्थेने २०१५ पासून अशांसाठी सामान्य वस्तीतच घरे भाड्याने घेतली. तेथे चार-पाच जणी मिळून स्वयंपाक करतात, बाजारास जातात, आणि मदतीस एक बाई सोबत राहते.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. उपचाराची सोय आपल्याकडे नाही असे नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, आणि तेथील सल्लागारांत स्वतः व्यसनातून उठलेले अनेक जण आहेत. उणीव आहे ती परतल्यानंतरची. खेड्यात भाड्याची खोली सहसा नसते, भावकी मोडलेली असते, आणि गुत्ता चार घरांवर असतो. म्हणून पुष्कळदा तालुक्याच्या गावीच खोली पाहावी लागते. ह्या कामी पाळकाच्या चिठ्ठीपेक्षा आधी सुटलेल्या मनुष्याची सोबत अधिक उपयोगी पडते. कोणता मालक भाडेकरूचे ऐकून घेतो, अनामत दोन हप्त्यांत मागता येते की नाही, मागची वर्षे कोठे गेली असे विचारल्यास खरे किती सांगावे, आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी कोणत्या रस्त्याने येऊ नये, हे त्यास ठाऊक असते. मंडळीने अनामतीस जामीन राहावे, पण खोलीच्या किल्ल्या व हिशेबाची वही राहणाऱ्यांच्याच हाती द्यावी. उत्तम शोमरोनी जखमी मनुष्यास उतारशाळेत पोचवून थांबला नाही, तर पुढच्या खर्चाचाही शब्द देऊन गेला, हे आपण मुलांना रविवारच्या शाळेत दर वर्षी शिकवितोच.

तो गवंडी दुसऱ्यांदा उपचार घेऊन आला तेव्हा त्याला आमच्याकडे यावेसे वाटले नाही, व त्याचे आम्हांस नवल वाटले नाही. पाच वर्षे न पिता राहिलेला एक टेम्पोचालक त्याला घेऊन गेला. आता तालुक्याच्या गावी बसस्थानकामागे तिघे जण एका खोलीत राहतात, भाडे तिघांत सारखे. दिवाळीस त्याची मुले दोन दिवस तेथे येऊन गेली. गेल्या महिन्यात तो टेम्पोचालक आमच्याकडे आला. उपचारांतून बाहेर पडणारे आणखी दोघे आहेत, आणि मंदिरामागची ती खोली भाड्याने द्याल काय, असे त्याने विचारले. वडीलजनांची सभा येत्या मंगळवारी आहे. बाके व सतरंज्या आम्ही काल बाहेर काढल्या.