हजारांच्या गोंगाटात एक शिवी

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही मुळात तालमींची नावे, आणि त्याच नावांनी इथले संघ मैदानात उतरतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला म्हणजे काका-मामांचे बोट धरून लहान मुलेही गॅलरीत येतात. कॉर्नर म्हणजे काय, ऑफसाइड कशाला म्हणतात, हे ती तिथेच शिकतात. त्याबरोबर शिव्याही शिकतात. एखाद्या वडीलधाऱ्या प्रेक्षकाला याबद्दल हटकले, तर ठरलेले उत्तर मिळते: "अहो सर, एवढ्या गोंगाटात आमची एक शिवी कुणाला ऐकू जाती?"

विद्यार्थी मित्रहो, हे उत्तर नीतिशास्त्राचे नाही, ध्वनिशास्त्राचे आहे. तेव्हा ते ध्वनिशास्त्रानेच तपासून पाहू.

उघड्या जागेत ध्वनी उगमापासून सर्व दिशांना पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रफळावर वाटली जाते, म्हणून ध्वनीची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. आता समजा, एक माणूस मुलापासून १ मीटरवर बसून ओरडतो आहे. तेवढ्याच जोराने ओरडणारा दुसरा माणूस ३२ मीटरवर आहे. ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४. दूरच्या माणसाचा आवाज मुलाच्या कानाशी १०२४ पटींनी क्षीण होऊन पोचेल.

मग दूरच्या बाजूला किती माणसे ओरडली म्हणजे जवळच्या एकाची बरोबरी होईल? अनेकांचे आवाज एकत्र येतात तेव्हा त्यांच्या लहरींची शिखरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. सरासरीने पाहता तीव्रतांची साधी बेरीज होते. म्हणजे बरोबरीसाठी १०२४ माणसे हवीत! सगळी माणसे नेमकी ३२ मीटरवर नसतात आणि भिंतींवरून प्रतिध्वनीही येतात, हे खरे. त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण त्यातून एक गोष्ट निघते. पलीकडची हजार माणसे मिळून जेवढी, तेवढा शेजारी बसलेला काका एकटा आहे.

एखादा चौकस विद्यार्थी इथे हात वर करील. काकांच्या आजूबाजूचे लोकही ओरडत असतात, मग काकांचा आवाज त्यात बुडणार नाही का? शंका रास्त आहे, आणि ध्वनीचे मापक यंत्र तिथे ठेवले तर ते काकांचा आवाज वेगळा काढू शकणार नाही. पण मुलाचा कान म्हणजे नुसते मापक नव्हे. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली हाच प्रश्न हाती घेतला होता: अनेक जण एकदम बोलत असताना आपण एकाचेच बोलणे कसे ऐकतो? आवाज कोणत्या दिशेने येतो, त्याची पट्टी कोणती, बोलण्याची ढब कशी, पुढचा शब्द कोणता असावा, अशा खुणांवरून मेंदू हवा तो धागा ओढून घेतो. रोज घरात ऐकलेला, एका हाताच्या अंतरावरून येणारा आवाज हा तर सर्वांत सोपा धागा. शिवाय गॅलरी सतत गर्जत नसते. पेनल्टीच्या आधी ती चिडीचूप होते. तेव्हाची एकटी शिवी तर पार पलीकडे पोचते.

सामुदायिक घोषणेची गोष्ट थोडी वेगळी आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. गॅलरीतल्या दोन माणसांच्या अंतरात ३४ मीटरचा फरक असेल, तर दोघांनी एकाच क्षणी उच्चारलेले अक्षर आपल्याकडे दशांश सेकंद मागेपुढे येते. नेहमीच्या बोलण्यात आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो, त्यामुळे हजारांनी मिळून म्हटलेले लांब वाक्य लडबडते. दोन-तीन अक्षरांचा शब्द मात्र टाळ्यांच्या ठेक्यावर, मध्ये जागा सोडून म्हटला तर स्पष्ट राहतो. दुर्दैवाने पुष्कळ शिव्या या मापात बसतात. पण 'पीटीएम'ही बसते, आणि 'गोल'ही. भौतिकशास्त्राला यांत डावे-उजवे नाही.

ऐकलेले मूल त्याचे काय करते? १९६१ साली अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यातल्या काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला बडवले आणि बडवताना काही ठरावीक रागीट वाक्ये म्हटली. पुढे ती मुले बाहुलीपाशी गेल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी मारण्याची तऱ्हा तर उचललीच, वाक्येही जशीच्या तशी उचलली. 'असे म्हण' म्हणून त्यांना कोणी सांगितले नव्हते.

शिवी दिल्याने मन मोकळे होते, असेही काही प्रेक्षक म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. इंग्लंडमधील कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले, तेव्हा शिवी घोकणाऱ्यांनी हात जास्त वेळ ठेवला. मात्र २०११ च्या पुढच्या प्रयोगात दिसले, की ज्यांच्या तोंडी रोजच शिव्या, त्यांना हा फायदा कमी मिळतो. दर चुकलेल्या पासला शिवी हासडणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही, हे सांगायला नकोच. इंग्लंडमध्ये १९९१ साली फुटबॉल मैदानावरील असभ्य आणि वंशद्वेषी घोषणांविरुद्ध कायदा झाला. त्यात घोषणा म्हणजे इतरांच्या साथीने केलेली, अशी व्याख्या होती. एकट्याने ओरडणारा त्यातून सुटत असे. १९९९ साली दुरुस्ती करून एकट्यालाही त्यात घेतले. आपल्या १०२४ च्या हिशेबाशी हे बरे जुळते.

हिशेब शाळेच्या मैदानावर पडताळता येईल. एका मित्राला मोबाइलवरील ध्वनिमापक घेऊन मधोमध उभे करा. एक जण २ मीटरवरून ओरडू दे, आकडा लिहा. मग १६ जणांना ८ मीटर त्रिज्येच्या कमानीवर उभे करून तोच शब्द तितक्याच जोराने एकदम म्हणायला लावा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. भिंत जवळ असेल तर दुसरा आकडा थोडा वाढेल. नंतर मधल्या मित्राचे डोळे बांधा. १६ जणांनी १६ वेगळे शब्द एकदम ओरडावेत, त्याच वेळी २ मीटरवरच्याने सतरावा. कोणता शब्द ऐकू आला ते विचारा. शब्द अर्थातच भाज्यांचे घ्यावेत.