जवाहर बागेचा धडा



शत्रूचे ठाणे कसे घ्यायचे, हे आपण वाळूच्या नकाशावर शिकतो. पण ठाणे आपल्याच देशात, सरकारी जमिनीवर असेल, आत बसलेली माणसे आपलेच नागरिक असतील, त्यांच्या हाती शस्त्रे आणि सोबत बायका-मुले असतील, तर काय करायचे? असा प्रसंग जयपूरपासून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरवर, मथुरेत घडला आहे. आज त्याचाच अभ्यास करू.

काय घडले?

मथुरेची जवाहर बाग ही उद्यान विभागाची सुमारे २७० एकर जमीन. मार्च २०१४ मध्ये रामवृक्ष यादव याच्या नेतृत्वाखाली एक जमाव तेथे उतरला. परवानगी दोन दिवसांची होती, मुक्काम दोन वर्षांहून अधिक झाला. राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या निवडणुका बंद करा, आझाद हिंद फौजेचे चलन आणा, एका रुपयात ६० लिटर डिझेल द्या, अशा त्यांच्या मागण्या. हळूहळू बागेत झोपड्यांची वस्ती उभी राहिली, आत त्यांचाच हुकूम चालू लागला आणि शस्त्रेही जमली.

मे २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बाग रिकामी करण्याचा आदेश दिला. त्यानंतरही वर्ष गेले. २ जून २०१६ रोजी संध्याकाळी पोलिस बागेपाशी पोहोचले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते मोठ्या कारवाईआधीच्या टेहळणीसाठी गेले होते. आतून दगडफेक झाली, गोळ्या सुटल्या. शहराचे पोलिस अधीक्षक मुकुल द्विवेदी आणि ठाणेदार संतोष यादव यांना वीरमरण आले. झोपड्यांना आग लागली, गॅस सिलिंडर फुटले. दोन अधिकाऱ्यांसह दोन डझनांहून अधिक माणसे गेली, त्यांतली बरीचशी भाजून. पोलिसांच्या म्हणण्यानुसार खुद्द रामवृक्ष यादवही मेला. जिल्हाधिकारी व वरिष्ठ पोलिस अधीक्षक यांची बदली झाली. मार्च २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला.

कुठे चुकले?

पहिली गोष्ट वेळेची. तिसऱ्या दिवशी हा प्रश्न थोड्या पोलिसांनी आणि एका नोटिशीने सुटला असता. दोन वर्षांनी तोच प्रश्न एका वस्तीचा झाला. दुर्लक्ष म्हणजे संयम नव्हे. संयमात आपण रोज काहीतरी करत असतो: बोलणी, नोंदी, नाकेबंदी. दुर्लक्षात फक्त समोरचा काम करतो.

दुसरी गोष्ट माहितीची. आत किती माणसे, किती शस्त्रे, सिलिंडर कुठे, बाहेर पडायच्या वाटा किती, हे आधी कळले पाहिजे. टेहळणीला जाणाऱ्या तुकडीनेही हल्ला होईल असे धरूनच जायचे असते.

तिसरी गोष्ट आतल्या माणसांची. आत सगळेच बंडखोर नसतात. कोणी भाबडेपणाने आलेला असतो, कोणी नवऱ्यामागे किंवा आईमागे आलेले असते. ज्याला निघून जायचे आहे त्याला सुरक्षित वाट दिली, तर जमाव आपोआप विरळ होतो.

त्याच वर्षी, दुसरीकडे

२ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात अॅमन बंडी व त्याच्या सशस्त्र साथीदारांनी मालहूर वन्यजीव अभयारण्याचे मुख्यालय ताब्यात घेतले. सरकारने लगेच चढाई केली नाही. कारण त्यांच्यापुढे १९९३ चे वेको होते. तेथे छाप्यात चार अधिकारी मेले आणि ५१ दिवसांच्या वेढ्याअंती लागलेल्या आगीत सत्तरहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. ओरेगनमध्ये पुढारी बाहेर पडण्याची वाट पाहिली गेली. २६ जानेवारीला त्यांना महामार्गावर अडवून अटक झाली, त्यात एक जण गोळीने मेला. मग नाकेबंदी आवळली आणि ४१ व्या दिवशी उरलेले चौघे शरण आले.

इथेही सारे गोड झाले नाही. सुरुवातीचे कित्येक दिवस लोक खुशाल ये-जा करत होते, म्हणून स्थानिकांनी सरकारला दोष दिला. पुढे ज्युरीने बंडीसह सात जणांना निर्दोष सोडले. म्हणजे जागा मोकळी झाली तरी काम संपत नाही. पुरावा न्यायालयात टिकावा लागतो.

कायदा काय सांगतो?

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. ‘विनाशस्त्र’ हा शब्द अधोरेखित करा. मागणी कितीही विचित्र असो, ती मांडणे गुन्हा नाही. शस्त्र आले की हक्काची हद्द संपते.

बेकायदा जमाव पांगवण्याचे काम आधी पोलिसांचे. त्यांना ते जमले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ प्रमाणे दंडाधिकारी सैन्याला पाचारण करू शकतो. काम कसे करायचे हे सैन्याधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ आणि कमीत कमी इजा हे त्याच्यावर बंधन आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात असेल, तर कलम १५० प्रमाणे सैन्याधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. संपर्क होताच मात्र पुढे दंडाधिकाऱ्याचे ऐकायचे.

नकाशावरचा सराव

आता जयपूरचे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र घ्या. सीकर रोडला लागून कारखाने, गोदामे, नंबरांनी ओळखले जाणारे रस्ते. प्रसंग काल्पनिक आहे: रीकोच्या एका मोकळ्या भूखंडावर दोनशे जण तंबू ठोकून बसले आहेत, काहींकडे बंदुका आहेत. जयपुरात २०११ पासून पोलिस आयुक्तालय आहे, त्यामुळे दंडाधिकाऱ्याचे बरेच अधिकार पोलिसांकडेच आहेत. गटात बसून पुढील प्रश्न सोडवा.

१. पहिल्या २४ तासांत तुम्ही कोणत्या पाच गोष्टींची माहिती काढाल?
२. शेजारच्या कारखान्यांत ज्वालाग्राही माल असू शकतो. पाळी सुटताना हजारो कामगार रस्त्यावर येतात. घेरा कुठे आणि किती वाजता टाकाल?
३. बाहेर पडणाऱ्यांसाठी वाट कोणत्या बाजूने ठेवाल? तेथे कोण उभे राहील?
४. बोलणी कोण करेल, आणि हुकूम कोणा एकाचा चालेल?
५. गोळीबाराचा आदेश द्यायची वेळ आली, तर त्याआधी काय काय करून झालेले असले पाहिजे?

उत्तरे लिहिताना एवढे ध्यानात ठेवा. द्विवेदी आणि यादव हे दोघे कर्तव्यावर असताना गेले. त्यांच्या धैर्याला आपण सलाम करतो. पण वरिष्ठाचे काम एवढ्यावर संपत नाही. ज्या कामात आपल्या माणसाला प्राण पणाला लावावे लागतील, ते काम दोन वर्षे आधी, सोपे असतानाच उरकता आले असते का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.