मानसशास्त्राची दोन वर्षं

लेस्टरमध्ये सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, मी ए-लेव्हलसाठी मानसशास्त्र घेतलं. यंदा माझी मावसबहीण तोच विषय घेते आहे. तिला जे सांगितलं, ते इथे लिहिते.

१. मनातलं ओळखता येईल म्हणून हा विषय घेऊ नकोस. मी हाच विषय घेणार म्हटल्यावर काका म्हणाले होते, "आता आमच्या मनातलं सगळं कळणार बघ हिला!" प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात हाती आलं ते गृहीतक, नमुना, मध्यक आणि प्रमाण विचलन. निदान दहा टक्के गुण गणिताचे असतात आणि संशोधनपद्धती प्रत्येक पेपरात डोकावते. मला तोच भाग सर्वांत आवडला. कुणी काही ठामपणे म्हणालं की "कशावरून?" असं विचारायची सवय तिथेच लागली.

२. नुसतं पाठ करून भागत नाही. सोळा गुणांच्या निबंधात बहुतेक वेळा वर्णनाला सहा आणि मूल्यमापनाला दहा गुण. पाढ्यांपासून रामरक्षेपर्यंत सगळं घोकून तयार झालेली मी. पहिल्या चाचणीत दोन पानं नुसतं वर्णन लिहून आले. सहाच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं.

३. प्रयोगाचा गाजलेला आकडा तेवढा लक्षात ठेवून थांबू नकोस. स्टॅनली मिलग्रमच्या १९६३च्या अभ्यासात ४० पैकी २६ पुरुषांनी हुकमाखातर दुसऱ्या माणसाला विजेचा झटका देण्याचं (निदान त्यांची तशी समजूत होती) ४५० व्होल्टपर्यंतचं बटण दाबलं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका आवृत्तीत शेजारी बसवलेल्या दोघा साथीदारांनी मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त चार उरले. हा दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो.

४. पुस्तकातलं लेबल घरच्या माणसांना चिकटवू नकोस. हे मी केलं आहे.

मी दीड वर्षाची असताना आई नर्सच्या नोकरीसाठी इंग्लंडला आली आणि वर्षभर मी कराडला आजीजवळ होते. वर्गात जॉन बोल्बींचा १९४४चा अभ्यास आला: चोरी करणारी ४४ मुलं, त्यांतली १४ मायेचा ओलावाच नसलेली, आणि त्या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली. त्या संध्याकाळी आई ड्यूटीवरून आली, तिने अजून कोटही काढला नव्हता, आणि मी विचारलं, "मला सोडून कशी गेलीस तू?" ती काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसली.

महिन्याभराने त्याच अभ्यासाचं मूल्यमापन शिकलो. मुलाखती बोल्बींनीच घेतल्या आणि कोणतं मूल कोरडं हेही त्यांनीच ठरवलं. ताटातूट आणि कोरडेपणा एकत्र आढळले, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. गरिबी, घरातली भांडणं, कितीतरी गोष्टी मध्ये असू शकतात. पुढे मायकेल रटर यांनी जडलेला बंध तुटणं आणि बंध कधी जडलाच नसणं यांत फरक केला. ग्लासगोतल्या ६० बाळांचा शाफर आणि एमर्सन यांचा १९६४चा अभ्यास तर सांगत होता की बाळं एकापेक्षा अधिक माणसांशी घट्ट बांधली जातात. मला आजी होती. हे सगळं वाचून झाल्यावरच मी आईची माफी मागितली. आधी मागायला हवी होती.

५. अभ्यास कुणाचा झाला, ते बघ. बाळांच्या भावनिक बंधांवरचे ३२ अभ्यास १९८८मध्ये एकत्र मांडले गेले. देश आठ, पण ३२ पैकी १८ अभ्यास एकट्या अमेरिकेतले. भारत त्यांत नाही. आजी, काकू, आत्या यांच्या कडेवर फिरणाऱ्या बाळाला त्या मोजपट्टीने मोजायचं का, हा प्रश्न मी निबंधात लिहिला. परीक्षेत असा प्रश्न चालतो, फक्त त्याला आधार द्यावा लागतो.

६. प्रश्न विचारतानाचे शब्द जप. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४मध्ये ४५ विद्यार्थ्यांना अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात "जोरात आदळल्या" असं असेल तर सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा जास्त, "टेकल्या" असेल तर ३१.८. चित्रफिती त्याच.

म्हणून सुट्टीत कराडला गेल्यावर आजीला "मी खूप रडायचे का गं?" असं विचारलं नाही. नुसतं म्हटलं, "त्या वर्षाचं काय आठवतं तुला?" ती शेंगा सोलत होती. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "तुझ्या आईचा फोन यायचा रविवारी. तू रिसीव्हर कानाला लावून हसायचीस. आणि तिकडे तिला बोलताच यायचं नाही."