पाणी जड आहे म्हणून कमी पिऊ नका



गेल्या उन्हाळ्यात धारूरच्या एका वस्तीत आम्ही महिलांची आरोग्य बैठक घेतली. विषय ठेवला होता रक्तक्षयाचा, पण बोलणे गेले पाण्यावर. एकीने घरून पातेले आणून दाखवले. तळाला पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघेना. दुसरी म्हणाली, बोअरच्या पाण्यात डाळ तासभर ठेवली तरी शिजत नाही, सिलेंडर मात्र संपतो. मग मागे बसलेली एक ताई हळूच बोलली, "सिस्टर, ह्या पाण्यानंच मला मुतखडा झाला. म्हणून आता दिवसाला दोन तांबेच पिते."

आम्हाला धास्ती वाटली ती पातेल्याची नाही, या दोन तांब्यांची.

आधी पाणी समजून घेऊ. आपला बालाघाटचा डोंगर काळ्या पाषाणाचा. पावसाचे पाणी मुरताना खडकातले आणि मातीतल्या चुनखडीतले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. असे पाणी विष नाही. हे दोन्ही क्षार शरीराला लागतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून जडपणाला कोणतीही मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही चांगली पातळी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते असे आहे. ते मुख्यतः चव, साबण आणि भांडी-पाईप यांचा विचार करून.

पण घरखर्चाला हे पाणी महाग पडते, हे खरे. कॅल्शियम डाळीच्या सालीला आणि दाण्याला घट्ट करते, म्हणून ती शिजत नाही. त्यासाठी पाणी खळखळून उकळा, निवू द्या, खाली बसलेला पांढरा गाळ सोडून वरचे पाणी डाळीला घ्या. जडपणाचा काही भाग उकळल्याने खाली बसतो, सगळा नाही. डाळ तीन-चार तास भिजवा, चिंच आणि टोमॅटो शिजल्यावरच टाका. खायचा सोडा टाकला की डाळ लवकर शिजते, पण तिच्यातले ब जीवनसत्त्वही जाते. रोजची सवय नको. कपड्यांच्या बादलीत आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवा, साबण कमी लागेल. पातेल्यातला थर लिंबाच्या साली किंवा चिंचेचे पाणी घालून उकळले की सुटतो. लेकराच्या अंगावर साबणाचा चिकट थर राहून खाज सुटते, तेव्हा साबण कमी आणि पाणी जास्त. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही.

घरी आरओ यंत्र घ्यावे का, असे विचारतात. जडपणा त्याने जातो. पण एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घेतलेच तर वायाचे पाणी फरशीला, संडासाला वापरा. विकतचा जार थंड असतो म्हणून शुद्ध असतो असे नाही. तो शेवटचा कधी धुतला, हे विचारायला लाजू नका.

खरी भीती न दिसणाऱ्या गोष्टींची. जंतू दिसत नाहीत, नायट्रेट दिसत नाही, फ्लोराइड दिसत नाही. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने वाढतात. हातपंपाजवळ शोषखड्डा किंवा उकिरडा असेल तर नायट्रेटची शंका घ्या. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर ते तान्ह्या बाळाला धोक्याचे, बाळ निळे पडू शकते. म्हणून सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, वरचे पाणी एक थेंबही नाही. बोअरच्या पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. नळाच्या पाण्याचा अहवाल नगर परिषदेत लेखी मागा. १९२७ साली महाडला आपण पाण्यासाठीच गेलो होतो. अहवाल मागण्यात संकोच कसला?

आता मुतखडा. त्या ताईला आम्ही विचारले, कोयता किती वर्षे? सात. फडात पहाटेपासून काम, आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायची नाही. घामाने पाणी जाते, लघवी घट्ट होते आणि तिच्यातले क्षार गोठून खडा बनतो. खड्याचे मोठे कारण हे. पाणी कमी करून तिने तोच रस्ता पुन्हा धरला होता.

पाणी एवढे प्या की दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल आणि तिचा रंग फिका राहील. उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. मीठ, लोणचे, पापड कमी. लिंबूपाणी चांगले. दूध बंद करू नका. जेवणातले कॅल्शियम खडा वाढवत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कुशीत कळ येऊन थंडी-ताप भरला, किंवा लघवी बंद झाली, तर झाडपाल्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात जा.

दिवाळीनंतर टोळ्या निघतील. मुकादमाकडून उचल घेतानाच विचारून घ्या की फडावर प्यायचे पाणी कुठून येणार आणि बायांना आडोसा कुठे करणार. त्या ताईने यंदा तसे विचारायचे ठरवले आहे, आणि पाच लिटरचा कॅन आताच घेऊन ठेवला आहे.