शिंगराचा हिशोब

घोड्याच्या पिलाला मराठीत शिंगरू म्हणतात. लहान जातीच्या घोड्याला तट्टू म्हणतात. लगाम, नाल, चाबूक हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. ते उर्दूतही आहेत.

नंदुरबार जिल्ह्यात तापी नदीच्या काठी सारंगखेडा हे गाव आहे. तेथे दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. न शिकवलेले शिंगरू स्वस्त असते. शिकवलेला घोडा महाग असतो. हे पाहून एखाद्या हौशी माणसाला वाटते, 'शिंगरू घ्यावे, शिकवावे आणि विकावे. मधला फरक आपला नफा!'

हे खरे आहे का? चला, हिशोब करून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

समजा, दोन वर्षांचे शिंगरू ३०,००० रुपयांना घेतले. त्याची हाडे अजून कोवळी असतात. त्याच्यावर लवकर स्वार बसला, तर ते कायमचे अधू होऊ शकते. म्हणून आणखी दोन वर्षे त्याला सांभाळून हळूहळू शिकवायचे, असे धरू. गवत आणि चंदी, म्हणजे घोड्याचे दाणे, यांना रोज १५० रुपये लागले, तर दोन वर्षांत १,०९,५०० रुपये होतात. नालबंद व औषधे यांचे महिना ५०० रुपये धरले, तर १२,००० रुपये होतात. एकूण खर्च १,५१,५०० रुपये. घोडा १,३०,००० रुपयांना विकला, तरी तोटा २१,५०० रुपये! रोजच्या तासाभराच्या मेहनतीचे मोल तर आपण धरलेच नाही.

धोके वेगळेच. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे साधा पोटशूळही त्याच्या जिवावर बेतू शकतो. अननुभवी माणसाच्या हातून जनावराला चावण्याची किंवा उधळण्याची सवय लागली, तर त्याची किंमत वाढण्याऐवजी घटते. अशा घोड्याचे पुढे हाल होतात.

मग चाबुकस्वाराला, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याला, हे कसे परवडते? त्याचा हात तयार असतो. त्याच्याकडे अनेक जनावरे असतात. एकाचा तोटा दुसऱ्यात भरून निघतो. माथेरानची गोष्टही पाहा. तेथे पर्यटकांच्या मोटारी गावात जात नाहीत. घोडा पाठीवर माणसे नेतो आणि मालकाला कमाई करून देतो. पण पावसाळ्यात पर्यटक कमी होतात. चंदी मात्र रोज द्यावीच लागते.

मित्रांनो, शिंगरू पाळण्याची हौस वाईट नाही. पण हौसेला धंदा समजून घरची पुंजी त्यात घालू नका. दुकान असो वा जनावर, आधी कागदावर हिशोब मांडा, मग खिशात हात घाला.

स्वाध्याय
१. शिंगरावर लवकर स्वार का बसू नये?
२. हौशी माणसाच्या हिशोबात कोणता खर्च धरलेला नाही?
३. रोजची चंदी १०० रुपये धरून हा हिशोब पुन्हा करा. आता नफा होतो की तोटा?